स्टॅफर्डशायरचा फेब्रुवारी : रसद, बर्फ आणि १९४७



आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील. आपल्या मालिकेत आतापर्यंत लढाया झाल्या, तह झाले, किल्ले झाले. आज हवामान. तेही इंग्लंडमधल्या एका काउंटीचं, एका महिन्याचं. स्टॅफर्डशायर, फेब्रुवारी १९४७.

याला कारण घडलं डेहराडूनमध्ये. निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. आम्हा जुन्या फौजींचा एक कट्टा आहे. त्यात गढवाली, पंजाबी, एक केरळी आणि मी एकटा मराठी. गेल्या डिसेंबरात शेकोटीभोवती बसलो असताना एक कर्नलसाहेब ठासून म्हणाले, "इंग्रजांना आपण घालवलंच नाही. १९४७च्या थंडीने त्यांचं कंबरडं मोडलं, म्हणून ते गेले." पुष्कळांनी माना डोलावल्या. हे वाक्य मी याआधीही ऐकलेलं आहे. ऐकायला चटकदार आहे, आणि गंमत अशी की त्यातली थंडी खरी आहे, मोडलेलं कंबरडंही खरं आहे. शंका आहे ती मधल्या "म्हणून"बद्दल.

मी शिकलो ते असं की, मोठा दावा तपासायचा तर नकाशावरचा एक छोटा चौकोन घ्यायचा आणि तो नीट बघायचा. म्हणून मी एक काउंटी घेतली. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. व्हिडिओत नकाशा दाखवला आहे. ई-बुक वाचणाऱ्यांनी इंग्लंडचा मधला भाग डोळ्यांसमोर आणावा. बर्मिंगहॅमच्या वर आणि मँचेस्टरच्या खाली जो पट्टा येतो, तो स्टॅफर्डशायर.

या काउंटीचे स्वभाव दोन. दक्षिणेला आणि पश्चिमेला कोळसा. कॅनक चेसच्या खाणी, उत्तर स्टॅफर्डशायरच्या खाणी आणि त्या कोळशावर चालणारी स्टोक-ऑन-ट्रेंटची कुंभारकामाची शहरं. आपल्याकडच्या जुन्या घरांत, क्लबांत, मेसमध्ये जी विलायती चिनीमातीची भांडी असायची, त्यांतली बरीचशी तिथली. बाटलीच्या आकाराच्या उंच विटांच्या भट्ट्या आणि त्यांतून निघणारा काळा धूर, अशी त्या शहरांची ओळख होती.

ईशान्येला मात्र वेगळंच जग. तिथे पेनाइन डोंगररांगेचं दक्षिण टोक येतं. उघडा माळ, हेदरची झुडपं, दगड रचून केलेल्या भिंती, मेंढ्या, दुभत्या गाई आणि विखुरलेली गावं. लाँगनॉर, बटरटन, ओनेकोट, वेटन, ग्रिंडन. बाजाराचं गाव लीक. याच माळावर फ्लॅश नावाचं खेडं आहे, ब्रिटनमधलं सगळ्यात उंचावरचं गाव असा त्याचा दावा. उंची किती? ४६३ मीटर. पुणं त्याहून उंच आहे, आणि मी जिथे बसून बोलतोय ते डेहराडून तर आणखी उंच. तेव्हा "उंचावरचं गाव" म्हटल्यावर खारदुंग ला किंवा द्रास डोळ्यांसमोर आणू नका.

ग्रिंडन हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचंय. पण त्याआधी थोडं आडवळण घेतो, कारण ते थेट सोलापूर जिल्ह्यात जातं.

लीकजवळच्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून १९०४ साली एक अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे. लांबी जेमतेम सव्वाआठ मैल, रुळांची रुंदी अडीच फूट. हिचे इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आता हे कॅलथ्रॉप म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक! १८८२ साली ते जीआयपी रेल्वेत नोकरीला आले, इथलं पाणी प्यायले, आणि १८९७ साली त्यांनी बार्शीला मुख्य रेल्वेमार्गाशी जोडणारी अडीच फुटी गाडी सुरू केली. पुढे तिचे फाटे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेले. वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या या गाडीने पंढरीला गेल्या. बार्शीच्या अनुभवावर त्यांनी स्टॅफर्डशायरची गाडी उभी केली. डबे वसाहती धाटणीचे, इंजिनावर आपल्याकडच्यासारखा मोठा दिवा. इंग्लंडच्या गारठ्यात उन्हाळी प्रदेशाची गाडी! या गाडीचं एक स्टेशन ग्रिंडनच्या नावाचं होतं. खोऱ्यातलं दूध ती बाहेर नेई.

ही गाडी १९३४ साली बंद झाली, रूळ उखडले, आणि १९३७पासून त्या जागी पायवाट झाली. म्हणजे १९४७च्या फेब्रुवारीत त्या खोऱ्यात रेल्वे नव्हती. असती तरी ती बर्फात गाडली गेली असती असं मला वाटतं. त्या वर्षी मोठ्या रुळांच्या गाड्याही अडकल्या. तेव्हा "रेल्वे बंद केली म्हणून लोक अडकले" असं मी म्हणणार नाही. पण डोंगराळ भागाकडे जाणारी वाट एकेक करून कमी होत जाते आणि ते कुणाला जाणवत नाही. जाणवतं ते पहिला जोराचा बर्फ पडल्यावर. हे आम्ही सीमेवर पाहिलेलं आहे.

आता हवामान.

त्या हिवाळ्यात आधी थोडी थंडी येऊन गेली होती. खरा हिवाळा बसला तो २२-२३ जानेवारीच्या सुमारास, आणि उठला मार्चच्या मध्यावर. इंग्लंडला एरवी हवा येते पश्चिमेकडून, अटलांटिकवरून, ओलसर आणि त्यामानाने उबदार. या वेळी उत्तरेला, स्कँडिनेव्हियाच्या बाजूला जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला आणि वारे उलटे झाले. पूर्वेकडून, रशियाच्या बाजूने कोरडी बोचरी हवा यायला लागली. वाटेत उत्तर समुद्रावरून ती बाष्प उचलायची आणि इंग्लंडवर बर्फ टाकायची. नेहमी वरून जाणारी पावसाळी वादळं खालून, दक्षिणेकडून सरकायला लागली, त्यांचाही बर्फच झाला. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत ५५ दिवस, दररोज ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे बर्फ पडला.

मध्य इंग्लंडच्या तापमानाची एक नोंदमाला आहे, १६५९ सालापासूनची. म्हणजे आपले शिवाजी महाराज प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटले त्या वर्षापासूनची. या सगळ्या काळातला सर्वांत थंड फेब्रुवारी म्हणजे १९४७चा. महिन्याची सरासरी उणे १.९ अंश. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी सूर्यप्रकाशाची नोंदच नाही. सलग तीन आठवडे सूर्य नाही! २५ फेब्रुवारीला पहाटे बेडफर्डशायरमध्ये वोबर्नला पारा उणे २१ अंशांपर्यंत खाली गेला.

आता माझे सियाचिनवाले मित्र हसतील. सरासरी उणे दोन? याला काय थंडी म्हणायचं? बरोबर आहे. पण आमची पलटण डोंगरावर जायची तेव्हा ऑक्टोबर संपायच्या आत सहा महिन्यांचं सामान वर चढलेलं असायचं. विंटर स्टॉकिंग. खेचरं, पोर्टर, पाठपिशव्या. आटा, डाळ, केरोसीनचे जेरिकॅन, बुखारीचे सुटे भाग, अगदी काडेपेट्यासुद्धा मोजून. खिंड बंद झाली की मग बाहेरचं जग एप्रिलमध्ये. स्टॅफर्डशायरच्या माळावरच्या शेतकऱ्याने असं काही केलेलं नव्हतं, करण्याचं कारणही नव्हतं. शिवाय साठवायला होतं काय? युद्ध संपून दीड वर्ष झालं तरी रेशन चालूच होतं. उलट युद्धात जो पाव कधी रेशनवर गेला नव्हता, तो जुलै १९४६मध्ये रेशनवर गेला होता. कोळसाही मोजून मिळायचा. जिंकलेल्या देशाची ही अवस्था.

कोळशाची कथा जरा सांगायला हवी, कारण सरकारची खरी फजिती तिथे झाली. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. खाणीखाणींवर पाट्या लागल्या की आजपासून ही खाण जनतेच्या वतीने चालेल. मजूर पक्षाचं हे कित्येक वर्षांचं स्वप्न. आणि तीन आठवड्यांत बर्फ आला. खाणीत कोळसा होता, खाणकामगारही होते. पण तो वाहून नेणाऱ्या वाघिणी रुळांवर गोठल्या, फाटे बर्फाखाली गेले, ईशान्येकडच्या बंदरांतून लंडनला कोळसा आणणारी जहाजं वादळात अडकली. वीजकेंद्रांचा साठा आधीच कमी होता. ७ फेब्रुवारीला, शुक्रवारी, इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल संसदेत उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की सोमवारपासून लंडन आणि आग्नेय भाग, मिडलंड्स आणि वायव्य भागातल्या कारखान्यांची वीज बंद. घरांनाही सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ वीज नाही.

मिडलंड्स म्हणजे आपला स्टॅफर्डशायर त्यात आला. पायाखाली कोळसा असलेली काउंटी अंधारात बसली. देशभर बेकारांची नोंद २० लाखांच्या वर गेली. बीबीसीचं टेलिव्हिजन बंद, साप्ताहिकं-मासिकं दोन आठवडे बंद, कुत्र्यांच्या शर्यतीसुद्धा बंद. राजे सहावे जॉर्ज मात्र १ फेब्रुवारीलाच कुटुंबासह जहाजाने दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले होते. तिकडे ऊन होतं. प्रजा कुडकुडतेय आणि आपण उन्हात, याची त्यांना टोचणी लागली. परत येऊ का, असं त्यांनी विचारलं. पंतप्रधान ॲटलींनी नको म्हणून सांगितलं. राजा धावत परत आला तर जगाला वाटेल, ब्रिटन बुडालं.

रसद म्हणजे कोठारातलं धान्य नव्हे. कोठारापासून तोंडापर्यंतची वाट म्हणजे रसद. आम्हाला हे ट्रेनिंगमध्ये पहिल्या महिन्यात घोकून घेत असत.

उत्तरेच्या माळावर तर वाटाच बुजल्या होत्या. तिथे प्रश्न नुसता पडणाऱ्या बर्फाचा नव्हता, वाऱ्याचा होता. उघड्या माळावर वारा बर्फ उचलून दोन भिंतींमधल्या रस्त्यात आणून भरतो. शेत उघडं दिसतं आणि रस्ता गायब. दिवसभर फावड्यांनी खणलेला रस्ता रात्रीत पुन्हा भरतो. मेंढ्या भिंतीच्या आडोशाला गेल्या आणि तिथेच गाडल्या गेल्या. दूध काढलं तर नेता येईना. लीक ते ग्रिंडन अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर, पण ग्रिंडनसाठी लीक आता परदेश झालं होतं.

बर्फ उपसायला देशभर सैनिक लावले, पोलिश सैनिक लावले, आणि जर्मन युद्धकैदी. हो, युद्ध संपून पावणेदोन वर्षं झाली तरी लाखो जर्मन कैदी ब्रिटनमध्येच होते. ज्यांच्या विमानांनी सात वर्षांपूर्वी ब्रिटिश शहरं जाळली, त्यांचे सैनिक आता इंग्रजांचे रस्ते मोकळे करत होते. मला या दृश्याचं फार अप्रूप वाटतं. हातात फावडं असलेला सैनिक शत्रू वाटत नाही.

आणि मग गावांना विमानातून अन्न टाकायचं ठरलं.

१३ फेब्रुवारी १९४७. ग्लॉस्टरशायरमधल्या फेअरफर्ड तळावरून रॉयल एअर फोर्सच्या ४७ स्क्वाड्रनचं एक हॅलिफॅक्स विमान उडालं. चार इंजिनांचं, युद्धात बॉम्ब टाकणारं, आता छत्रीधारी सैनिक आणि सामान टाकणारं. आत या वेढलेल्या गावांसाठी अन्न. सहा जणांचा क्रू आणि सोबत दोन वृत्तपत्र छायाचित्रकार. संकटकाळात सरकार काहीतरी करतंय, हे लोकांना दिसायला हवं ना. खाली बर्फाचं वादळ, ढग माळाला टेकलेले. पांढरं आकाश, पांढरी जमीन, मध्ये रेषा नाही. आम्ही याला व्हाइटआउट म्हणतो. ग्रिंडनच्या माळावर ते विमान कोसळलं. आठही जण गेले.

अन्न न्यायला गेलेले आठ जण, स्वतःच्या देशात, शांततेच्या काळात.

इथे मला जरा थांबायचंय. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण सांगतो. हे मी घरातही फारसं बोललेलो नाही.

१९८०च्या दशकात मी कॅप्टन होतो, उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवर हिवाळा काढत होतो. रेशन भरपूर होतं, केरोसीन होतं. नव्हती ती पत्रं. सहा आठवडे डाक नाही. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनाच कळेल की अशा पोस्टवर डाकेची पिशवी म्हणजे काय. माझ्या एका जवानाची बायको बाळंतपणाला आलेली, काय झालं कळत नव्हतं. तो बोलायचा नाही, नुसता खालच्या नाल्याकडे बघत बसायचा. एका सकाळी रेडिओवर विचारणा झाली की हेलिकॉप्टर येऊ शकतं, तुमच्याकडे हवामान कसं आहे? ढग किती खाली, कुठपर्यंत दिसतंय, वारा किती?

मी वर पाहिलं. ढग फाटत होते आणि परत जुळत होते. खरं उत्तर होतं, सांगता येत नाही. मी सांगितलं, "वेदर फिट."

हेलिकॉप्टर नाल्यातून वर आलं आणि त्याच्या मागे ढग मिटले. आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. तो आवाज कधी डाव्या कड्याकडून यायचा, कधी उजव्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही, घड्याळाने चार-पाच मिनिटं असतील. मग एका फटीतून ते खाली दिसलं, पिशवी पडली आणि ते निघून गेलं. त्या जवानाला मुलगी झाली होती. पोस्टवर शिरा झाला. संध्याकाळी रेडिओवर त्या पायलटसाहेबांचा आवाज आला, माझ्याहून बरेच सीनियर. एवढंच म्हणाले, "यंग मॅन, नेक्स्ट टाइम सच बोलना."

त्यांनी वर तक्रार केली नाही. मीही कुठे लिहिलं नाही. ग्रिंडनला जे घडलं ते त्या दिवशी आमच्या नाल्यात घडता घडता राहिलं, आणि घडलं असतं तर ते माझ्या दोन शब्दांमुळे. म्हणून हॅलिफॅक्सच्या त्या वैमानिकाने अशा हवेत जायला नको होतं, असं घरबसल्या म्हणणाऱ्यांत मी नाही. खाली लोक वाट बघतायत हे माहीत असलेला माणूस सहसा परत फिरत नाही.

एक गोष्ट आणखी. ही जी ४७ स्क्वाड्रन, ती १९४४-४५मध्ये आपल्याच भागात होती, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. त्याच आघाडीवर १९४४ साली इंफाळला जपान्यांनी वेढा घातला तेव्हा एक अख्खी कोअर विमानांनी आणलेल्या रसदीवर लढत राहिली, २२ जूनला कोहिमाचा रस्ता मोकळा होईपर्यंत. त्या कोअरमध्ये मोठा भाग आपल्या भारतीय पलटणींचा. आणि ज्या कॅलथ्रॉपनी ग्रिंडनच्या खोऱ्यात गाडी आणली, त्यांनीच पुढे पहिल्या महायुद्धात "गार्डियन एंजल" नावाची हवाई छत्री बनवली होती. १९२७ साली ते वारले. आपल्या रेल्वेच्या खोऱ्यात एक दिवस आकाशातून अन्न टाकायची वेळ येईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आता कर्नलसाहेबांच्या "म्हणून"कडे वळू.

त्या फेब्रुवारीत लंडनला काय काय झालं ते तारखांनी बघा. १८ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी संसदेत सांगितलं की पॅलेस्टाइनचा प्रश्न आम्ही संयुक्त राष्ट्रांकडे देतोय. २० फेब्रुवारीला ॲटलींनी जाहीर केलं की जून १९४८च्या आत ब्रिटन भारताची सत्ता सोडेल, आणि वेव्हेल यांच्या जागी माउंटबॅटन व्हाइसरॉय होतील. २१ फेब्रुवारीला अमेरिकेला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत देणं आता आम्हाला झेपणार नाही. चार दिवसांत तीन ठिकाणांहून पाय मागे. बाहेर बर्फ, कारखाने बंद, घरात मेणबत्ती. हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की वाटतंच, थंडीने साम्राज्य बुडवलं.

पण तारखा थोड्या मागे न्या. माउंटबॅटनना ॲटलींनी भारतात जाण्याबद्दल पहिल्यांदा विचारलं ते १८ डिसेंबर १९४६ला. बर्फ बसायला पाच आठवडे बाकी होते. वेव्हेल यांची टप्प्याटप्प्याने निघून जाण्याची योजनाही त्याआधीची, आणि तिच्यातली शेवटची तारीख मार्च १९४८ होती. हे लोक डिसेंबरात जाण्याबद्दल बोलत होते, ते का? फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबई बंदरात नौसैनिकांचं बंड झालं होतं. लाल किल्ल्यातल्या आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी फौजेची मनं ढवळली होती. ऑगस्टमध्ये कलकत्ता पेटलं होतं. सप्टेंबरपासून दिल्लीत नेहरूंचं हंगामी सरकार बसलं होतं. हुकूम पाळणारा हात आता आपला राहिला नाही, हे दिल्लीतल्या इंग्रजाला कळून चुकलं होतं. एक फौजी म्हणून मला हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो. हे कळायला थर्मामीटर लागला नाही.

मग बर्फाने काय केलं? बर्फाने पडदा सरकवला. स्टॅफर्डशायरच्या दहा-बारा किलोमीटरच्या वाटेवर पाव पोचवता येत नाही, ही गोष्ट इंग्रज मतदाराने स्वतःच्या थंड चुलीसमोर बसून पाहिली. त्यानंतर भारतात आणखी फौज पाठवा, असं म्हणणाऱ्या चर्चिलपक्षाच्या भाषणांना टाळ्या मिळाल्या असतील, पण पोरं पाठवायला कुणाची आई तयार नव्हती. जाणं ठरलेलं होतं. जाण्याला होणारा घरातला विरोध मात्र त्या थंडीने लुळा केला, असं माझं मत. मत म्हणूनच घ्या. कर्नलसाहेबांना एवढं मी देतो, याहून जास्त नाही. ते अजून मानत नाहीत, आणि रम त्यांची असल्यामुळे वाद मी जिंकू शकत नाही.

काउंटीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. महिना उलटला तरी सुटका झाली नाही. ४-५ मार्चला इंग्लंडवर पुन्हा मोठं हिमवादळ आलं, पुष्कळ ठिकाणी फेब्रुवारीपेक्षाही वाईट. आणि १० मार्चपासून हवा एकदम फिरली, पाऊस आला, बर्फ वितळला. खालची जमीन मात्र दगडासारखी गोठलेली, पाणी मुरायला जागाच नाही. ट्रेंट नदी याच स्टॅफर्डशायरमध्ये, बिडल्फच्या माळावर उगम पावते. तिला पूर आला आणि खाली नॉटिंगहॅममध्ये हजारो घरांत पाणी शिरलं. देशातल्या मेंढ्यांपैकी चतुर्थांशाच्या आसपास त्या हिवाळ्यात गेल्या. साठवलेले बटाटे गोठून कुजले, आणि महायुद्धात मोकळेपणाने मिळणारा बटाटाही त्या वर्षीच्या शेवटी रेशनवर गेला.

ग्रिंडनच्या माळावर आता त्या आठ जणांच्या स्मरणार्थ दगडांचा एक स्तंभ आहे, गावच्या चर्चमध्येही त्यांची आठवण जपली आहे. माझी एक भाची मँचेस्टरला असते. तिला मी तिथे जायला सांगितलं. ती मे महिन्यात गेली आणि तिने फोटो पाठवले. हिरवागार माळ, निळं आकाश, मेंढ्या आणि मध्ये तो दगडी स्तंभ. खाली लिहिलं होतं, "मामा, इथे विमान कसं काय पडू शकतं? इतकं सपाट तर आहे." मी तिला फोन केला आणि व्हाइटआउट म्हणजे काय ते समजावत बसलो. त्या नाल्यातली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा घरातल्या कुणाला तरी सांगितली.

पुढच्या भागात २२ मार्च १९४७पासून सुरुवात करू. माउंटबॅटन त्या दिवशी दिल्लीत उतरले, आणि तिथे तेव्हा उन्हाळा लागत होता. जय हिंद.